एका गिदियनचे अनेक गिदियन: शिंगवाल्या भुंगेऱ्यांच्या वर्गीकरणाचं एक प्रकरण

पाच-सहा सेंटीमीटर लांबीचा नर तळहातावर घेतला की आधी जाणवते त्याच्या पायांची ताकद. पायांवरचे काटे कातडीत रुततात, तो रेटत रेटत बोटांच्या फटीत घुसू पाहतो आणि जरा दाबलं की चक्क फुसकारतो. हा आवाज तोंडातून येत नाही. पोटाचं टोक पंखकवचांच्या कडेवर घासून तो काढलेला असतो. चावणं नाही, डंख नाही, नुसता आव. डोक्यावर एक शिंग, टोकाशी दुभंगलेलं. छातीच्या ढालीवर दुसरं, पुढे झुकलेलं आणि तेही टोकाशी दुभंगलेलं. दोन्ही शिंगं मिळून चिमटा होतो. त्या चिमट्यात दुसऱ्या नराला धरायचं आणि फांदीवरून उखडून खाली टाकायचं, हा त्यांचा उपयोग.

हा भुंगेरा झायलोट्रुपेस वंशातला. नावाचा अर्थ लाकूड पोखरणारा. त्याच्या अळ्या कुजक्या लाकडात आणि पालापाचोळ्याच्या खतात वाढतात. कोकणात माडाचे कोंब पोखरणारा जो गेंड्या भुंगा आपल्याला माहीत आहे, त्याच्याच उपकुळातला हा नातेवाईक. हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशिया, इंडोनेशियाची बेटं, न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागापर्यंत हा वंश पसरला आहे. ऑस्ट्रेलियात तर तो गुलमोहराच्या झाडांवर थव्याने जमतो आणि कोवळी साल खरवडून रस चाटतो.

या सगळ्या पट्ट्यातल्या बहुतेक भुंगेऱ्यांना विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत एकच नाव होतं: झायलोट्रुपेस गिदियन. आज त्या नावाची हद्द जावा आणि आसपासच्या बेटांपुरती उरली आहे. उरलेल्या प्रदेशातले भुंगेरे वेगवेगळ्या प्रजाती म्हणून ओळखले जातात. उष्णकटिबंधात नवी प्रजाती कशी सापडते हे कोणी विचारलं, तर मी घनदाट जंगलातल्या रात्रीच्या दिव्यापेक्षा आधी हे प्रकरण सांगतो. यातल्या प्रजाती शोधायला कोणाला अज्ञात बेटावर उतरावं लागलं नाही. त्यातल्या कित्येक संग्रहालयांच्या पेट्यांमध्ये टाचणीला टोचलेल्या होत्या, काही शंभर वर्षांहून अधिक काळ, आणि खाली चिठ्ठी होती ‘गिदियन’.

एकच नाव का पडलं

प्राण्यांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनीयसने हे नाव दिलं १७६७ साली. मोठ्या शिंगवाल्या भुंगेऱ्यांना वीरपुरुषांची नावं देण्याची त्याला हौस होती. १७५८ साली त्याने हर्क्युलिस, अ‍ॅक्टिऑन आणि अ‍ॅटलस अशी नावं दिली होती. गिदियन हा बायबलमधला योद्धा. त्या काळची वर्णनं लॅटिनमधल्या दोन-चार ओळींची असत. शिंग किती, कुठे, टोक कसं, रंग कोणता, एवढ्यात काम आटोपे. प्राणी नेमका कुठून आला याला फारसं महत्त्व नसे, कारण तो आणणारे खलाशी आणि व्यापारीच मुळात चार बंदरं फिरून आलेले असत.

एवढ्या ओळी वाचून जो भुंगेरा जुळतो तो गिदियन, असा व्यवहार सुरू झाला. आणि जुळत सगळेच होते. दुभंगलेली दोन शिंगं, काळसर तपकिरी चकाकी, असं वर्णन जावातल्या नराला लागू पडतं तसंच सुमात्रातल्या, थायलंडमधल्या आणि क्वीन्सलँडमधल्याही. मधल्या काळात कोणी वेगळी नावं सुचवली नाहीत असं नाही. १८३० साली फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ गेराँ-मेनव्हील याने यूलिसिस हे नाव दिलं. १८५९ साली थॉमसनने ऑस्ट्रेलिकस आणि म्निशेखी ही दोन नावं दिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रेल आणि मिंक या जर्मन अभ्यासकांनी आणखी नावांची भर घातली. पण पुढे जे मोठे आढावे निघाले त्यांत ही नावं बहुतेक वेळा गिदियनच्या पोटात गेली, कधी समानार्थी नाव म्हणून, कधी उपप्रजाती म्हणून. ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरच्या मालिकेत गिल्बर्ट अ‍ॅरोने १९१० साली या कुळाचा खंड लिहिला, त्यातही भारतातला हा भुंगेरा गिदियनच आहे. हंगेरीचे एंड्रोडी हे या उपकुळाचे विसाव्या शतकातले सर्वांत मोठे जाणकार. १९८५ साली त्यांचा जगभरच्या शिंगवाल्या भुंगेऱ्यांवरचा ग्रंथ आला. त्यांनीही गिदियन ही पुष्कळ उपप्रजाती असलेली एक पसरलेली प्रजाती धरली.

या लोकांना कमी दिसत होतं असं म्हणणं फार अन्यायाचं होईल. त्यांच्यासमोरची अडचण खरी होती, आणि ती अडचण त्या शिंगातच होती.

शिंग फसवतं

एकाच बेटावरचे, एकाच हंगामातले पन्नास नर ओळीने मांडून बघा. एका टोकाला लांब, रुबाबदार, दुभंगलेल्या शिंगांचा मोठा नर. दुसऱ्या टोकाला डोक्यावर नुसता टेंगळासारखा उंचवटा असलेला छोटा नर. दोन टोकं शेजारी ठेवली तर कोणीही शपथेवर सांगेल की हे दोन वेगळे प्राणी आहेत. शिंगवाल्या भुंगेऱ्यांच्या इतिहासात अशा छोट्या नरांना वेगळं नाव दिल्याची उदाहरणं ठायी ठायी सापडतात.

यामागचं कोडं पहिल्यांदा आकड्यांत मांडलं गेलं तेही याच भुंगेऱ्यावरून. १८९२ साली विल्यम बेटसन आणि ब्रिंडली यांनी जावातले गिदियनचे नर गोळा करून मोजले. हाच बेटसन पुढे १९०५ साली ‘जेनेटिक्स’ हा शब्द रूढ करणारा. अंगाची लांबी मोजली तर बहुतेक नर मध्यम आणि दोन्ही टोकांना थोडे, असा नेहमीचा एका उंचवट्याचा आलेख आला. शिंगाची लांबी मोजली तर मात्र दोन उंचवटे आले. आखूड शिंगवाल्यांचा एक घोळका, लांब शिंगवाल्यांचा दुसरा, आणि मधल्या मापाचे नर कमी. एकाच ठिकाणची, एकाच प्रजातीची पिल्लं, पण नरांचे दोन प्रकार.

याचं कारण बऱ्याच नंतर उलगडलं. शिंगाची लांबी ठरते ती मुख्यतः अळीला किती आणि कसं खाद्य मिळालं यावर. अळी एका ठरावीक मापाच्या पुढे वाढली तर कोषात शिंग जोमाने फुटतं. त्या उंबरठ्याच्या आत राहिली तर जेमतेम. २०१२ साली डग्लस एम्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच उपकुळातल्या जपानी शिंगवाल्या भुंगेऱ्यावर केलेला प्रयोग मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. त्यांनी वाढीच्या काळात इन्सुलिनचा संदेश घेणारा जनुक मंद केला. पोषण चांगलं आहे हे शरीराच्या पेशींना ज्या निरोपातून कळतं, तो निरोपच त्यांनी क्षीण केला. परिणाम काय झाला? शिंगं सुमारे १६ टक्क्यांनी आखूड झाली. पंख सुमारे २ टक्क्यांनी. आणि जननांगांवर काहीच फरक पडला नाही.

हे वाक्य वर्गीकरण करणाऱ्याने दोनदा वाचावं. जो अवयव सर्वांत आधी डोळ्यांत भरतो तोच खाण्यापिण्यानुसार सर्वांत जास्त बदलतो. जो अवयव पोटाच्या आत दडलेला आहे, तो अळी उपाशी राहिली काय आणि पोटभर जेवली काय, जवळपास तसाच राहतो. जुन्या अभ्यासकांना हे शास्त्रीय कारण माहीत नव्हतं, पण अनुभवाने ते याच ठिकाणी येऊन पोहोचले होते. म्हणून तर भुंगेऱ्यांची प्रजाती ठरवायची तर नर उघडून पाहायचा, ही शिस्त कित्येक पिढ्यांपूर्वीच पडली.

पेटीतला नर उघडताना

हे काम कसं चालतं ते जवळून सांगतो, कारण याविषयी लिहिताना बहुतेक जण ‘जननांगांच्या रचनेवरून’ असे दोन शब्द टाकून पुढे जातात.

साठ-सत्तर वर्षांचा वाळलेला नमुना काचेसारखा ठिसूळ असतो. हात लावला की पाय गळतो. म्हणून आधी टाचणीवरच्या सगळ्या चिठ्ठ्या उतरवून, त्यांचा क्रम टिपून ठेवायचा. मग नमुना कोमट पाण्यात मऊ होऊ द्यायचा. मऊ झाला की त्याला ओल्या लाकडाचा आणि जुन्या तेलाचा मिसळ वास येतो. सूक्ष्मदर्शकाखाली पोटाच्या शेवटच्या दोन पट्ट्यांमधली फट शोधायची आणि टोकाला आकडा केलेली बारीक सुई आत सारायची. घाई केली तर पट्टी तडकते. हलक्या हाताने ओढलं की तपकिरी, चकाकती नळी बाहेर येते, आणि तिच्या टोकाला चिमट्याच्या दोन पात्यांसारखे दोन भाग. यांना पॅरामिअर म्हणतात. त्यांना चिकटलेले तंतू सौम्य क्षारात साफ केले की त्यांचा आकार स्पष्ट होतो: कडेने पाहिलं तर बाक किती, समोरून पाहिलं तर टोकं जुळतात की फाकतात, आतल्या कडेला दात आहे का.

मग ते पुठ्ठ्याच्या छोट्या तुकड्यावर चिकटवून त्याच टाचणीवर, त्याच भुंगेऱ्याखाली लावायचे. वेगळ्या डबीत कधीही नाही. अवयव आणि त्याचा धनी यांची फारकत झाली की दोन्ही निकामी. मी एका जुन्या पेटीत पॅरामिअरची नीट साफ केलेली एक रांगच्या रांग पाहिली होती, सुंदर चिकटवलेली, आणि कोणता अवयव कोणत्या नराचा हे सांगणारा एकही क्रमांक त्यावर नव्हता. कोणाची तरी कित्येक आठवड्यांची मेहनत होती ती. अजून आठवली की वाईट वाटतं.

एका नराने काही सिद्ध होत नाही. बेटागणिक, मोठे-छोटे दोन्ही प्रकारचे, पुष्कळ नर उघडावे लागतात. छोट्या आणि मोठ्या नरांचे पॅरामिअर आकाराने सारखे आणि दुसऱ्या बेटावरच्या नरांचे स्पष्टपणे वेगळे, असं चित्र पुन्हा पुन्हा आलं तरच बोलायला जागा मिळते.

रोलंड यांनी काय वेगळं केलं

अमेरिकी अभ्यासक मार्क रोलंड यांचा झायलोट्रुपेसवरचा मोठा शोधनिबंध २००३ साली आला. जननांगं तर त्यांनी वापरलीच. पण मला त्यांच्या कामात जे भावतं ते असं की, ज्या शिंगाने सगळ्यांना फसवलं होतं तेच शिंग त्यांनी पुराव्यासाठी परत बोलावलं.

युक्ती अशी. एका नराचं शिंग पाहून काही कळत नाही, हे मान्य. पण एका ठिकाणचे पुष्कळ नर घ्या. प्रत्येकाचं अंगाचं माप आडव्या रेषेवर आणि शिंगाची लांबी उभ्या रेषेवर मांडा. ठिपक्यांची एक वळणदार रेघ तयार होते: खालच्या बाजूला आखूड शिंगवाल्यांचा सपाटसर भाग, मग एका जागी चढ, मग लांब शिंगवाल्यांचा वरचा भाग. हा चढ अंगाच्या कोणत्या मापाला येतो, किती उभा आहे, वरच्या टप्प्यावर शिंग किती वेगाने वाढतं, या गोष्टी एकट्या नराच्या खाण्यावर ठरत नाहीत. खाणं फक्त एवढंच ठरवतं की तो नर त्या रेघेवर कुठे बसेल. रेघ स्वतः त्या कुळीची असते, वारशाने आलेली. दोन बेटांवरच्या भुंगेऱ्यांच्या रेघा वेगळ्या असतील तर ते नुसते जास्त-कमी जेवलेले भाऊ नाहीत.

गावातल्या एका माणसाच्या उंचीवरून त्याचं घराणं सांगता येत नाही. पण मुलं कोणत्या वयात झपाट्याने वाढतात, कुठे थांबतात, हे घराण्याघराण्यात वेगळं असू शकतं. ते पाहायला पुष्कळ मुलं मोजावी लागतात. तसंच हे. पूर्वीच्या अभ्यासकांकडे एका ठिकाणचे इतके नर क्वचितच असत. संग्राहक लोक रुबाबदार मोठे नर जपत आणि टेंगळवाले छोटे नर टाकून देत. रेघेचा खालचा अर्धा भागच पेट्यांमधून गायब असायचा. शोभेची निवड करणाऱ्या संग्राहकाने शास्त्राचं किती नुकसान केलं याचा हिशोब मांडायला हवा, असं मला नेहमी वाटतं. छोटा, कुरूप, टेंगळ्या नर हा मोठ्या नराइतकाच मोलाचा नमुना आहे.

रोलंड यांचा या विषयातला पाठपुरावा पुढेही चालू राहिला. २००९ साली त्यांनी एम्लेन यांच्यासोबत दाखवलं की काही शेणभुंगेऱ्यांमध्ये नरांचे दोन नव्हे, तीन प्रकार असतात, म्हणजे उंबरठे दोन. दोनच प्रकार गृहीत धरून मोजणाऱ्याला मधला घोळका वेगळीच प्रजाती वाटला असता.

नवं नाव देण्याआधी जुनी नावं

आता येतो तो भाग ज्यात नवखे अभ्यासक हमखास चुकतात. पुरावा मिळाला, समजा सुमात्रातला भुंगेरा जावातल्यापेक्षा वेगळा आहे हे पटलं. म्हणजे प्रजाती ‘नवी’ झाली का?

नाही. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत अग्रक्रमाचा नियम आहे. १७५८ सालच्या लिनीयसच्या ‘सिस्टिमा नॅच्युरे’ या ग्रंथाच्या आवृत्तीपासून पुढे, त्या प्राण्याला नियमाप्रमाणे दिलेलं सर्वांत जुनं नाव चालतं. ते नाव समानार्थी म्हणून शंभर वर्षं कोपऱ्यात पडलं असलं तरी. म्हणून नवं नाव सुचवण्याआधी गिदियनच्या पोटात गाडलेलं प्रत्येक नाव उकरून काढावं लागतं. ते नाव ज्या नमुन्यावर आधारलेलं आहे तो टाइप नमुना जगातल्या कोणत्या संग्रहालयात आहे हे शोधावं लागतं. तो मागवावा लागतो किंवा जाऊन पाहावा लागतो. त्याची मापं घ्यावी लागतात, शक्य असेल तर तो उघडावा लागतो. या कामात वर्षं जातात, आणि माझ्या मते वर्गीकरणातली खरी मेहनत इथेच आहे. बाहेरच्या माणसाला ती दिसतच नाही.

गिदियन फोडल्यावर यातलीच पुष्कळ नावं पुन्हा जिवंत झाली. सुमात्रातल्या भुंगेऱ्याला मिंकने १९२० साली दिलेलं सुमात्रेन्सिस हे नाव मिळालं. यूलिसिस, ऑस्ट्रेलिकस, म्निशेखी ही नावंही प्रजातीच्या दर्जाने परत आली. दक्षिण आशियाकडे प्रेलने १९१४ साली दिलेली मेरिडिओनालिस आणि टॅप्रोबेन्स ही नावं; टॅप्रोबेन हे श्रीलंकेचं जुनं ग्रीक नाव. या सगळ्यांना ‘शोधलं’ कोणी? मिंकने, प्रेलने, गेराँ-मेनव्हीलने, की रोलंड यांनी? माझ्या मते श्रेय वाटूनच द्यावं लागेल. जुन्यांना वेगळेपण जाणवलं होतं, पण ते त्यांना शेवटपर्यंत पटवून देता आलं नाही.

आणि मग काही जागी कोणतंच जुनं नाव बसेना. तिथे खऱ्या अर्थाने नवी नावं आली. २००३ साली टेलिमॅकस. ग्रीक कथेतल्या यूलिसिसचा हा मुलगा. २००६ साली पॅकिसेरा आणि डॅमॅरेन्सिस, २०११ साली कॅरिन्युलस आणि झिडेकी. सध्या चालू असलेली संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्यानुसार नव्या प्रजातीचं नाव देताना टाइप नमुना, बहुतेक वेळा होलोटाइप, म्हणजे ज्याच्या खांद्यावर ते नाव उभं राहणार तो एकमेव नमुना, स्पष्टपणे ठरवावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला हेही लिहावं लागतं. २०१२ पासून नुसत्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध झालेलं नाव, ते प्रकाशन झूबँक या नोंदवहीत नोंदवलेलं असेल तरच ग्राह्य धरलं जातं. हे नियम कोरडे वाटतील, पण गिदियनचा गोंधळ जर कशाने टळला असता तर याच नियमांनी.

एवढी कटकट कशासाठी

हा प्रश्न मला मित्रांकडून नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. मोठा काळा भुंगेरा. त्याला गिदियन म्हटलं काय आणि सुमात्रेन्सिस म्हटलं काय.

उत्तरासाठी मी गेंड्या भुंग्याकडे वळतो. हा माडाचा शत्रू १९०९ साली सामोआत पोहोचला आणि पॅसिफिकच्या बेटांवरच्या माडबागांची त्याने वाताहत केली. १९६० च्या दशकात मलेशियात या भुंग्याला मारणारा विषाणू सापडला. तो १९६७ पासून सामोआत सोडला गेला आणि पुढे अनेक बेटांवर त्याने भुंग्याला आवर घातला. जैविक नियंत्रणाच्या इतिहासातलं हे मोठं यश. मग २००७ साली ग्वाममध्ये भुंगा आला आणि विषाणू सोडूनही तो हटेना. बाहेरून पाहिलं तर तोच भुंगा, तीच शिंगं. डीएनए तपासल्यावर कळलं की ही वेगळी कुळी आहे, विषाणूला दाद न देणारी. तो निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. ही वेगळी प्रजातीसुद्धा नाही, एकाच प्रजातीतला वेगळा वंशगट आहे. तरी तेवढ्या फरकाने माडाचं रक्षण होणार की नाही हे ठरलं. नाव एकच ठेवून आत काय वेगळं आहे हे न पाहणं किती महागात पडतं, ते तिथल्या माडांकडे पाहून समजतं.

झायलोट्रुपेसबाबत नुकसान इतकं उघड नाही, पण आहे. शंभर वर्षांत गिदियन या नावाखाली जे जे लिहिलं गेलं, त्याची आयुष्यमर्यादा, खाद्यझाडं, नरांच्या झुंजी, हे सगळं आता कोणत्या प्रजातीचं हे पुन्हा ठरवावं लागतं. उत्तर थायलंडमध्ये या भुंगेऱ्यांच्या झुंजी लावण्याची जुनी परंपरा आहे आणि त्यावर अभ्यासही झाले. त्या जुन्या लिखाणातला गिदियन आज गिदियन नाही. बेटसनचा अभ्यास मात्र तरला, कारण त्याने नमुने जावातले असल्याचं लिहून ठेवलं होतं आणि जावा आजही गिदियनच्याच हद्दीत येतं. १८९२ सालचं ते काम एका बेटाच्या नावामुळे वापरण्याजोगं राहिलं. ज्यांनी ‘ईस्ट इंडीज’ एवढंच लिहिलं, त्यांचं राहिलं नाही.

अजून न सुटलेलं

हे प्रकरण मिटलं असं मी म्हणणार नाही. दोन प्राणी एकाच जंगलात, एकाच रात्री, एकाच झाडावर असूनही आपसात मिसळत नसतील, तर त्यांना दोन प्रजाती म्हणायला कोणाची हरकत नसते. पण बेटांवरचे भुंगेरे एकमेकांना भेटतच नाहीत. समुद्रापलीकडच्या दोन गटांचे पॅरामिअर थोडे वेगळे, शिंगांची रेघ थोडी वेगळी. मग त्या दोन प्रजाती की एकीच्या दोन उपप्रजाती? यावर अभ्यासक आजही वेगवेगळं बोलतात. काही याद्यांमध्ये काही गट अजून उपप्रजाती म्हणूनच आहेत. मला स्वतःला रोलंड यांची बाजू पटते, कारण ज्या मापांवर ते बोट ठेवतात ती वारशाची आहेत. पण सीमारेषेवरच्या एखाद्या गटाबाबत कोणी उलट मत दिलं तर त्याच्याशी भांडायला मी जाणार नाही.

डीएनएची मदत होते, तीही मर्यादेत. प्राण्यांची ओळख पटवायला मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वापरतात. ताज्या पायाच्या एका तुकड्यातून तो सहज मिळतो. पण ज्या टाइप नमुन्यावर नाव उभं आहे तो दीडशे वर्षांपूर्वी वाळवलेला असतो, त्याचा डीएनए तुकडे तुकडे झालेला. आणि हा जनुक फक्त आईकडून येतो. दोन गटांत कधीकाळी थोडा संकर झाला असेल तर तो दुसऱ्याच घराण्याचं नाव सांगू शकतो. म्हणून पॅरामिअर, शिंगाची रेघ, डीएनए आणि ठिकाण हे चार साक्षीदार एकत्र बसवावे लागतात, आणि कधी कधी त्यांचं एकमेकांशी जमत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न माद्यांचा आहे. त्यांना शिंग नसतं, म्हणजे रेघ नाही. पॅरामिअर हा नराचा अवयव, म्हणजे तोही नाही. अंग बारीक केसांनी झाकलेलं, खरबरीत, आणि बेटाबेटावरच्या माद्या जवळपास सारख्या दिसतात. टाचणीखालच्या चिठ्ठीवर ठिकाण नीट लिहिलेलं असेल तर शेजारच्या नरावरून तिची ओळख लावता येते. नसेल तर पेटीतली ती मादी, तिच्या खाली शंभर वर्षांपूर्वीच्या शाईत लिहिलेलं ‘गिदियन’, आणि पुढे कोणीतरी पेन्सिलने जोडलेलं प्रश्नचिन्ह.